पुढचा एक्सल

जीपचं तोंड सगळ्यांच्या ओळखीचं आहे. दोन गोल दिवे, मध्ये उभ्या सात खाचा आणि सपाट पत्रा. त्या तोंडावर हात ठेवून फोटो काढणारे पुष्कळ असतात, पण वाकून बंपरच्या मागे काय आहे ते पाहणारे थोडे. तिथे जमिनीपासून वीतभर उंचीवर एक जाड लोखंडी दांडा आडवा पसरलेला आहे. एका बाजूला सरकलेला डिफरन्शियलचा गोळा, दोन्ही टोकांना ओंजळीत मावणार नाहीत एवढे लोखंडी बॉल, बॉलवर बसलेले नकल, नकलवर हब आणि हबवर चाक. पाट्यांच्या दोन जुड्या या सगळ्याला चासीशी बांधून ठेवतात. हा पुढचा एक्सल. इंजिनाचा भार तो वाहतो, पुढच्या चाकांना ताकद तो पोचवतो, आणि गाडीनं कुठं वळायचं हेही शेवटी त्याच्याच टोकांवर ठरतं.

मी ज्याच्याविषयी लिहितो आहे तो एक्सल सुरतेत, उधन्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये येतो-जातो. जीप महिंद्राची, सीजे-थ्री-बी, उंच बॉनेटची. विलिस कंपनीनं हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली काढलं. जुन्या जीपपेक्षा इंजिन उंच होतं, म्हणून बॉनेटही उंचावलं. तिकडे ते १९६८ मध्ये बंद झालं, पण महिंद्रानं परवाना घेऊन इथं बनवायला घेतलेली जीप नंतरही कितीतरी वर्षं निघत राहिली. खानदेशात आणि डांगात ती शेतकऱ्यांकडे, जंगल खात्याकडे, कंत्राटदारांकडे पोचली. ही जीप नवापूरकडच्या एका शेतकरी घरातली. उसाच्या शेतात बांधावरून चालली, खताच्या गोण्या वाहिल्या, लग्नाच्या वऱ्हाडात अंगावर दहा-बारा माणसं घेऊन फिरली. घरातला धाकटा मुलगा लिंबायतमध्ये एम्ब्रॉयडरीची मशिनं टाकून सुरतेचा झाला, तेव्हा जीपही त्याच्यामागून सुरतेला आली. उधना-जळगाव रेल्वेनं खानदेशातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या या शहरात येत आहेत. लिंबायत, डिंडोली, उधना या भागांत मराठी शाळा आहेत आणि कानबाईही थाटात बसते. अशा वस्तीत खानदेशची जीप परकी वाटत नाही.

आता तिचा मालक सुट्टीच्या दिवशी तिला वघई-आहव्याकडे नेतो. पूर्णा आणि अंबिका या नद्यांच्या खोऱ्यांत गोट्यांनी भरलेले ओढे आहेत, सागाच्या जंगलातून लाल मातीच्या वाटा आहेत, आणि पावसाळ्यात त्या वाटांचा नुसता राडा होतो. एक्सलची खरी परीक्षा होते ती तिथे.

अखंड एक्सलचा स्वभाव समजून घ्यायचा तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. त्याची दोन्ही चाकं एकाच दांड्याची आहेत. डावं चाक दगडावर चढलं की उजवंही कलतं. डाव्याला बसलेला दणका उजव्यापर्यंत जातो. आजच्या बहुतेक गाड्यांत पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र असतात आणि ज्याचा दणका त्यानं सोसायचा असतो. इथे सुखदुःख सामाईक. म्हणूनच ओढ्यात एक चाक वर गेलं तरी दुसरं जमिनीला चिकटून राहायला पाहतं आणि पकड सुटत नाही. पण याच कारणानं एका टोकाची ढिलाई दुसऱ्या टोकालाही लवकरच भोवते.

एक्सल सोशिक आहे, पण मुका नाही. तक्रार असली की तो बोलतो. सुरुवातीला स्टिअरिंगमध्ये दोन बोटं जास्तीचा फिराव येतो. मग खड्ड्यातून जाताना पायाखाली एक बारीक 'टक्' ऐकू येतं. त्यानंतर सरळ रस्त्यावर गाडी हात सोडला की एका बाजूला जाऊ लागते. आणि या तिन्ही गोष्टी कानाआड केल्या, तर एक दिवस बारडोली रोडवर पन्नासच्या वेगात पुलाच्या सांध्यावर चाक आपटतं आणि पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडे एवढ्या जोरात थरथरू लागतात, की स्टिअरिंग हातात धरवत नाही. गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ही थरथर जात नाही. मिस्त्री याला वॉबल म्हणतात. ज्यानं एकदा अनुभवला तो विसरत नाही. मागून ट्रक येत असेल तर जिवावर बेतण्यासारखं प्रकरण आहे.

या जीपला तो लागला होता. मालकानं त्याआधी टायर बॅलन्स करून घेतले होते, मशिनवर अलाइनमेंट करून घेतली होती, आणि स्टिअरिंगला धक्के जिरवणारा डॅम्पर लावून घेतला होता. प्रत्येक वेळी थोडे दिवस बरे गेले आणि वॉबल परत आला. उधन्याचे मिस्त्री धुळ्याकडचे. गिऱ्हाइकांशी गुजराती बोलतात, घरात अहिराणी. त्यांनी मालकाला किल्ली बाजूला ठेवायला सांगितली आणि म्हणाले, "गाडी काय सांगस ते आयक."

वॉबल का होतो हे रिंग रोडच्या कापड मार्केटात उभं राहिलं तरी दिसतं. साड्यांची पार्सलं लादलेली ट्रॉली हमाल जोरात ढकलतो, तेव्हा तिचं पुढचं फिरतं चाक एकाएकी डावीकडे-उजवीकडे फडफडायला लागतं. चाकाचा टेकू आणि ते ज्या खिळ्याभोवती फिरतं तो खिळा यांच्यात पुढे-मागे थोडं अंतर असतं. त्या अंतरामुळे चाक सरळ होऊ पाहतं, पण खिळा ढिला असला तर सरळ रेषा ओलांडून पलीकडे जातं, परत येतं, पुन्हा ओलांडतं. जीपच्या चाकातही हेच अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यासाठी नकल ज्याभोवती वळतो त्या किंगपिनचं वरचं टोक थोडं मागे कललेलं असतं. हा कल म्हणजे कॅस्टर. सीजे-थ्री-बीला तो तीन अंश दिलेला आहे. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते त्याच्यामुळे. जोवर सगळे सांधे घट्ट आहेत तोवर कॅस्टर चाकाला सरळ ठेवतो. सांध्यांत प्ले म्हणजे ढिलाई आली की चाकाला हलायला जागा मिळते, आणि प्रत्येक हेलकाव्यात ती जागा आणखी वाढते.

म्हणून माझं ठाम मत आहे, आणि मिस्त्रींचंही: आधी ढिलाई काढायची, मग माप घ्यायचं. ढिल्या गाडीवर कितीही महागड्या मशिनचा आकडा आणा, गाडी मशिनवरून उतरून पहिल्या खड्ड्यात गेली की तो आकडा उरत नाही. आणि डॅम्पर दुखणं बरं करत नाही, दाबून ठेवतो. बाजारात डॅम्पर विकत मिळतो, दहा मिनिटांत बसतो, म्हणून लोक तिथूनच सुरुवात करतात. यानं गाड्यांचं फार नुकसान झालं आहे.

ढिलाई शोधण्याची रीत साधी आहे, पण दोन माणसं लागतात. गाडी चारही चाकांवर उभी. एक जण आत बसून स्टिअरिंग जरा-जरा डावं-उजवं हलवत राहतो. दुसरा खाली झोपून एकेक सांध्यावर हात ठेवतो. ड्रॅग लिंकचं मागचं टोक, पुढचं टोक, मधला बेल क्रँक, दोन्ही टाय रॉडची चारही टोकं. चांगल्या सांध्यावर बोटांना काहीच जाणवत नाही, दोन्ही तुकडे बरोबर हलतात. खराब सांध्यात एक तुकडा आधी हलतो आणि दुसरा क्षणभर उशिरा. तो उशीर डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाखाली कळतो.

या जीपमध्ये तो सगळ्यात जास्त बेल क्रँकमध्ये सापडला. जुन्या जीपच्या घडणीतला हा मध्यस्थ. स्टिअरिंगकडून आलेली पुढची-मागची ओढ तो आडवी करतो आणि दोन्ही चाकांना वाटून देतो. आत नीडल बेअरिंग असतं, खाली ग्रीस निपल असतं. चिखलानं झाकलेल्या त्या निपलला ग्रीस गन लावायची आठवण फार थोड्यांना राहते. सुकलेल्या पिनवर सुया घासत राहतात, पिनला खाच पडते आणि दोन्ही चाकांना मिळणारा हुकूम सैल होतो. मिस्त्रींनी पिन काढून उजेडात धरली, तेव्हा तिच्या एका अंगावर नखाला लागेल एवढी पायरी पडलेली होती.

मग गाडी जॅकवर. चासीखाली घोड्या लावून चाकं अधांतरी केली. चाकाचा वरचा आणि खालचा भाग धरून हलवलं तर प्ले होता. पण तो हब बेअरिंगचा की किंगपिनचा? मिस्त्रींनी मालकाला ब्रेक दाबून धरायला लावला आणि चाक पुन्हा हलवलं. ब्रेक दाबल्यावर हब आणि नकल एक होतात, त्यामुळे हबचा प्ले असेल तर तो नाहीसा होतो. इथे प्ले तसाच राहिला. म्हणजे किंगपिन.

या एक्सलच्या दोन्ही टोकांना बॉल आहे आणि त्याभोवती नकल फिरतो. नकल वर-खाली दोन लहान निमुळत्या बेअरिंगांवर टेकलेला असतो. ही बेअरिंगं कधीच पूर्ण गोल फिरत नाहीत. बहुतेक आयुष्य ती सरळ रस्त्यावर एकाच जागी उभी असतात आणि तिथेच दणके खातात. उघडल्यावर खालच्या कपात ते स्पष्ट दिसलं: रोलरच्या रुंदीएवढ्या बारीक समांतर रेघा, ठराविक अंतरानं, ठोकून उमटवल्यासारख्या. अशा कपात नवं बेअरिंग टाकून उपयोग नसतो, कपही बदलावा लागतो.

खरं कसब आहे ते बेअरिंग किती घट्ट बसवायचं यात. वरच्या टोपीखाली पातळ पत्र्याच्या शिमा असतात. शिम काढली की बेअरिंग आवळतं, घातली की सैल होतं. मिस्त्री टाय रॉड सोडवतात, तेलाचं सील काढून ठेवतात, नकलच्या हाताला भंगारवाल्यांकडे असतो तसा हातात धरायचा ताणकाटा अडकवतात आणि नकल हळूहळू ओढतात. निघतानाचा आकडा त्यांना नको असतो, नकल संथपणे फिरत असताना काटा जिथं स्थिर राहतो तो आकडा ते पाहतात. कमी वाटला तर एक शिम कमी. जास्त वाटला तर परत घातली. हे पुन:पुन्हा चालतं. या कामात घाई करणाऱ्यानं एक्सलला हात लावू नये असं मला वाटतं. सैल ठेवलं तर प्ले राहतो. जास्त आवळलं तर वळण संपल्यावर स्टिअरिंग परत येत नाही, गाडी सतत सावरत चालवावी लागते, आणि बेअरिंग आतल्या आत जळतं. पुष्कळ जण घट्ट म्हणजे पान्याला टॉमी लावून अंगातलं सगळं बळ काढणं असं समजतात. एक्सलला हवा असतो तो आकडा पान्याच्या जोरावर येत नाही, शिमांच्या जाडीवर येतो.

मग पाटे. खाली पाहिलं तर डाव्या जुडीचे यू-बोल्ट ढिले. एका नटाखालची वायसर हातानं फिरत होती. एक्सल आणि पाटे यांना एकत्र आवळून धरायचं काम यू-बोल्टांचं. जुडीच्या मधोमध जो सेंटर बोल्ट असतो तो फक्त जागा दाखवतो, जोर सहन करण्यासाठी तो घातलेला नाही. यू-बोल्ट सैल झाले की ब्रेकचा आणि खड्ड्यांचा सगळा जोर त्या बिचाऱ्या सेंटर बोल्टवर येतो आणि तो तुटतो. तो तुटला की एक्सल त्या बाजूनं मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते. या जीपचा बोल्ट अजून तुटला नव्हता, पण त्याच्या मानेत चीर पडली होती.

मालकाचा आग्रह होता की खोलल्यासारखं आहे तर पाट्याचं टोक चासीला जोडणारे दुवे, म्हणजे शॅकल, लांब टाकून गाडी जरा उंच करून घ्यावी, डांगातल्या दगडांवरून अंग वाचेल. मिस्त्रींनी साफ नाही म्हटलं. या जीपच्या पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला आहेत. ते लांब केले की पाट्याचं पुढचं टोक खाली येतं, त्याबरोबर एक्सल पुढे झुकतो आणि तीन अंशांचा कॅस्टर खर्ची पडतो. मग पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये निमुळती पाचर घालून कॅस्टर परत आणावा लागतो. गाडी उंच करणारे लोक शॅकलचे पैसे मोजतात, पाचर विसरतात, आणि वॉबल आला की टायरवाल्याला दोष देतात.

चाकांचे नट खोलताना एक माहिती नवख्याला असावीच लागते. डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे आहेत. चाक पुढे फिरताना नट सैल होण्याऐवजी आवळत जावेत म्हणून केलेली ती योजना. ज्याला हे ठाऊक नाही तो जोर लावून लावून बोल्टच मोडून ठेवतो.

सगळे सांधे नवे झाले, यू-बोल्ट आडवे-तिडवे क्रमानं थोडे-थोडे आवळून झाले, तेव्हा कुठे मापाची वेळ आली. सुरतेत धाग्याला तोटा नाही. मालकानं कारखान्यातून पॉलिस्टर धाग्याचा एक कोन आणला होता. सीजे-थ्री-बीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधली रुंदी सारखी आहे, त्यामुळे मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकवून पुढे ताणलेला धागा पुढच्या टायरपाशी काय दाखवतो ते पाहिलं की एक्सल काटकोनात आहे की नाही ते लगेच कळतं. दोन्ही बाजूंना सारखं आलं. बेल क्रँक सरळ धरला आणि मग प्रत्येक चाक त्याच्या टाय रॉडनं सरळ केलं. इथे दोन्ही चाकांना वेगवेगळा टाय रॉड आहे, म्हणून मधला मध्यस्थ सरळ नसताना चाकं जुळवली तर वळताना एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वळतात.

शेवटचं माप टो-इनचं. पुढची चाकं मागच्या कडेपेक्षा पुढच्या कडेला किंचित जवळ हवीत. किती, तर तीन-चौसष्टांश ते तीन-बत्तीसांश इंच, म्हणजे सव्वा ते अडीच मिलिमीटरच्या आत. यासाठी टायरच्या मधोमध खडू फासतात, चाक हातानं फिरवतात आणि जागचा न हलणारा खिळा त्या खडूवर टेकवतात. टायर थोडा वाकडा असला तरी रेघ सरळ पडते. मग गाडी खाली उतरवून दोन-चार हात पुढे ढकलतात, म्हणजे पाटे आणि सांधे आपापल्या जागी बसतात. हबच्या उंचीवर पुढून आणि मागून दोन रेघांमधलं अंतर टेपनं मोजतात. फरक जास्त असेल तर टाय रॉडची नळी फिरवतात. तिच्या एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्याला उलटे आटे असल्यामुळे नळी फिरली की लांबी वाढते किंवा कमी होते. शेवटी क्लँप आवळतात. जुन्या टायरवर तळहात आडवा फिरवला तर तो एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं धारदार लागत होता. मधले काही महिने चाकं रस्त्यावर आडवी घासत होती, याचा तो पुरावा. मालकानं तो हात फिरवून पाहिला आणि नवे टायर घेण्याचा खर्च आला कुठून हे त्याला समजलं.

सुरतेची हवा एक्सलला मानवत नाही. डुमस-हजिऱ्याकडचा खारा वारा बॉलच्या चकाकीवर गंजाचे ठिपके पाडतो. ते ठिपके फेल्टच्या सीलला खातात आणि आतलं तेल ओघळू लागतं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्यानं तापी शहरात घुसली, घरं, दुकानं, गाड्या सगळं पाण्याखाली गेलं. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या गाळ धुऊन लगेच चालवायला घेतल्या की हबमधलं पाणी ग्रीसमध्ये मिसळतं, ग्रीस दुधाळ होतं आणि बेअरिंग गंजतं. म्हणून ओढ्याच्या खोल पाण्यातून गाडी नेली असेल तर हब उघडून ग्रीस पाहावं, हा आग्रह मी धरतो. ओढा डांगातला असो किंवा घराच्या दारातला, बेअरिंगला फरक कळत नाही.

त्याच शेडमध्ये शेजारी एक नवी थार उभी होती. तिच्या पुढे अखंड एक्सल नाही, प्रत्येक बाजूला दोन-दोन हात, बॉल जॉइंट आणि कॉइल स्प्रिंग आहेत. तिचा मालक आहव्याहून परतताना खड्ड्यात आपटला होता आणि थेट अलाइनमेंट करून द्या म्हणत होता. मिस्त्रींनी खालच्या बॉल जॉइंटखाली टॉमी घालून जरा उचकटलं, जॉइंट टकटकला. "हे बदलल्याशिवाय अलाइनमेंट करणार नाही," ते म्हणाले. घडण कितीतरी वर्षांनी पुढची, कायदा तोच.

संध्याकाळी जीप घेऊन आम्ही बारडोली रोडला गेलो. पुलाचा तोच सांधा, वेग पन्नास. चाक आपटलं, स्टिअरिंगला एक झटका बसला आणि तिथेच संपला. मालकानं हात ढिले करून पाहिलं, जीप सरळ धावत राहिली. वळणावरून बाहेर पडताना स्टिअरिंग आपणहून परत आलं. परतल्यावर मिस्त्रींनी यू-बोल्टांवर पाना फिरवून पाहिला. नव्यानं आवळलेली पाट्यांची जुडी चालवल्यावर बसते, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावे लागतात, हे त्यांनी मालकाला बजावलं आणि मीटरवरचा आकडा शेडच्या दारावर खडूनं लिहून ठेवला.